रुळांखाली थांबलेला पाईप

शिवय्या मठपती जॅकच्या पंपावर बसला की खड्ड्यातली माणसं आपोआप हळू बोलू लागत. त्याचा कुणाला धाक होता असं नाही. स्वभावानं तो अगदी गरीब. पण पाईप मातीतून सरकताना जी बारीक कुरकुर करतो ती त्याला ऐकू यायला हवी असे. जोर दाखवणारा काटा काय सांगतो ते डोळ्यांनी बघायचं आणि पाईप काय सांगतो ते कानांनी ऐकायचं, ही त्याची रीत.

गडमुडशिंगीचा हा माणूस. वडिलांची थोडी शेती, घरात लिंगायत जंगमाचं वळण, पण शिवय्याचा जीव लहानपणापासून यंत्रात. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात तो फिटरकी शिकला आणि नव्वद सालाच्या आसपास एका ठेकेदाराकडं लागला. कोल्हापूरच्या चहूबाजूंना तेव्हा पाण्याच्या आणि गटाराच्या मोठमोठ्या लाइनी पडत होत्या. मध्ये वाहता रस्ता नाहीतर रेल्वे आडवी आली की वरून खणायची सोय नसे. मग एका बाजूला खोल खड्डा घ्यायचा, त्यात सिमेंटचा मोठा पाईप उतरवायचा आणि जॅक लावून तो आडवा जमिनीत ढकलायचा. जॅकला टेकायला मागं काँक्रीटची जाड भिंत. पाईपाच्या तोंडाशी एक माणूस बसून माती खणणार, ती ढकलगाडीतून मागं येणार, आणि जेवढं खणलं तेवढा पाईप पुढं जाणार. एक आत गेला की त्याच्यामागं दुसरा.

ऐकायला सोपं वाटतं. पण पाईप आत जातील तशी माती त्यांना चारी अंगांनी धरते. सुरुवातीला लोण्यातून सुरी जावी तसा जाणारा पाईप पुढं पुढं हट्टी होतो आणि जॅकचा जोर वाढवावा लागतो. जोर फार झाला तर पाईपाचे सांधे फुटतात, नाहीतर मागची भिंत तडकते. आणि डोक्यावर माती थोडी असली तर वरची जमीनच फुगून उठते. म्हणून कमीत कमी जोरात जास्तीत जास्त पुढं जायचं, आणि एकदा निघालेला पाईप शक्यतो थांबू द्यायचा नाही, कारण थांबलेल्या पाईपाला माती आवळते. ही दोन कलमं शिवय्याला पाठ होती. तिसरं कलम गंगव्वानं शिकवलं.

गंगव्वा त्याची बायको, माहेर निपाणीकडचं. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. ती एकदा जेवणाचा डबा घेऊन कामावर आली होती. पाईपाच्या बाहेरच्या अंगाला माती चिकटू नये म्हणून बेंटोनाईटची पूड पाण्यात कालवून तिची खळ भोकांतून बाहेर सोडतात. एक गडी पिंपात काठी फिरवत ती खळ करत होता. गंगव्वानं डोकावून बघितलं.

"ह्ये काय करायलाईस रं?" ती म्हणाली. "गुठळ्या किती त्या! म्हशीला अंबोण करतोस व्हय?"

गडी हसला, पण तिनं डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि काठी हातात घेतली. पूड चाळून घेतली, थोडी थोडी पाण्यावर भुरभुरवली, अन् आंबील करावी तशी ती खळ घोटून काढली. बोटावरून ओघळ सोडून बघितला. म्हणाली, "आता घाला."

त्या दिवशी काटा सकाळपेक्षा खाली आला. शिवय्यानं दोनदा गेजवर टिचकी मारून बघितली. त्याला वाटलं, गेजच बिघडलं. संध्याकाळी त्यानं साहेबांना जाऊन सांगितलं, "उद्यापास्नं खळीला माझी मंडळी."

तेव्हापासून ती दोघं बरोबरच कामाला जात. पाठोपाठ गंगव्वाचा धाकटा भाऊ संगमेशही आला. अंगानं सडपातळ, भीती माहीत नाही. तो पाईपाच्या तोंडाशी बसू लागला. तोंडाशी भाऊ, जॅकवर नवरा, पिंपाशी बायको. आतून संगमेश पाईपावर हातोडी ठोकून खूण करायचा, शिवय्या पंप हाणायचा आणि गंगव्वा वरून विचारायची, "घट्ट झालाय काय? पातळ करू?" लेक शांभवी शाळेसाठी मुडशिंगीला शिवय्याच्या आईजवळ, नीलव्वाजवळ राहायची. रविवारी ही दोघं घरी जायची. काम सुटल्यावर राहायच्या शेडच्या दारात दगडावर बसून गंगव्वा त्याच्या हाताला खोबरेल चोळायची. पंपाच्या दांड्यानं त्याचे तळवे फाटलेले असत.

"दुसऱ्याच्या नवऱ्याचं हात असं असत्यात काय वो?" ती विचारायची.

"दुसऱ्याच्या बायकूचं बी असं नसत्यात," तो तिच्या पांढुरक्या, भेगाळल्या बोटांकडं बघून म्हणायचा.

शहाण्णव साली दिवाळी झाल्यावर हातकणंगल्याजवळचं काम लागलं. गावाच्या पाण्याची लाइन रेल्वेच्या रुळांखालून न्यायची होती. जमीन काळी, पावसाळ्याचं पाणी पोटात धरून बसलेली, आणि पाईपाच्या माथ्यापासून रुळांपर्यंत माती जेमतेम. जोर जास्त झाला तर रूळ वर उचलणार, तोंडाशी माती जास्त निघाली तर रूळ खाली बसणार. रेल्वेचा मुकादम दिवसभर वर उभा राहून रुळांची पातळी बघत असे. गाड्या सावकाश सोडल्या जात. कामावरचे इंजिनिअर उन्मेष साहेब तरुण होते, पण हिशेबाचे पक्के. त्यांनी गेजवर लाल रंगाची रेघ ओढली.

"शिवय्या, काटा ह्याच्या पुढं न्यायचा नाही. अडला तर मला हाक मारायची, जोर नाही मारायचा."

"व्हय साहेब."

निम्मे पाईप आत गेले. काटा रेघेच्या बराच अलीकडं होता. साहेब खूश, मुकादम खूश. एवढ्यात शिवय्याच्या ध्यानात आलं की गंगव्वा शिडी चढताना मध्येच थांबते. पिंपाजवळ पोत्यावर बसून राहते, ओठ जरा निळसर दिसतात.

"काय हुतंय तुला?"

"काय न्हाई. त्या पुडीची धूळ जाती नाकात."

पाय सुजले होते. तिनं पातळ खाली ओढून ते झाकले. रविवारी डॉक्टरकडं जायचं ठरलं. रविवार काही आला नाही. गुरुवारी सकाळी शिवय्या पंप हाणत होता आणि वरून काठी पडल्याचा आवाज आला. त्यानं मान वर केली तर पिंपाच्या कडेला तिचा हात लोंबकळत होता.

त्या क्षणी पाईपाचं काय होईल हे त्याच्या मनातही आलं नाही. त्यानं दांडा सोडला, शिडी चढला, तिला उचललं आणि रस्त्याकडं धावत सुटला. साहेबांनी जीप काढली. काम जिथल्या तिथं थांबलं.

कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब आहे. लहानपणी सांधे धरणारा ताप आला असणार, तेव्हापासूनच हे हळूहळू होत आलं. छातीत पाणी साठलंय. ते उतरलं, जरा ताकद आली की मिरजेला ऑपरेशनसाठी न्यायचं. शिवय्या मान हलवत राहिला. झडप म्हणजे काय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पंपाच्या झडपा त्यानं शंभरदा उघडून साफ केल्या होत्या. ह्या झडपेला त्याला हात लावता येत नव्हता.

दोन-तीन दिवसांत गंगव्वाला उतार पडला. बसून बोलू लागली. आणि पहिली गोष्ट विचारली ती ही, "पाईप?"

"असू दे गं त्यो पाईप."

"असू दे काय? काळी माती हाय ती. धरली असंल की त्येला."

शेजारच्या खाटेवर जोतिबाच्या डोंगरावरची झुंबरबाई होती. देवळाच्या वाटेवर तिचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान. तोंडानं फटकळ, मनानं मऊ. ती म्हणाली, "काय गं बया, सकाळपास्नं पाईप, पाईप! तुझा कोण लागतो त्यो? ल्योक?"

"सवत हाय माझी," गंगव्वा म्हणाली आणि हसता हसता तिला धाप लागली.

तिचा अंदाज खरा होता. तिकडं दुसरा एक माणूस पंपावर बसवला होता. पाईप हलेना म्हणून त्यानं जोर वाढवला. काटा रेघेवर गेला, रेघ ओलांडून गेला. पाईप तसूभर सरकला नाही, पण मागच्या भिंतीला तडा गेला आणि वर रूळ अंगठ्याएवढा उचलला. मुकादमानं लाल झेंडी धरली. रेल्वेनं काम बंद करायला सांगितलं. आठवड्यात निभावलं तर ठीक, नाहीतर सगळं बुजवून टाका म्हणाले.

उन्मेष साहेब मोसंबी घेऊन दवाखान्यात आले. कामाविषयी एक अक्षर काढलं नाही. खाटेच्या पायाशी उभं राहून तब्येतीचं विचारत राहिले. शेवटी गंगव्वानंच विषय काढला.

"साहेब, अडला न्हवं?"

साहेबांनी शिवय्याकडं बघितलं. मग खरं ते सांगितलं.

"ढकलू नगासा," ती म्हणाली. "तान लागलीया त्येला. आदी पाजा. पातळ, ताकासारखी खळ करा, म्हंजे चिरंचिरंत जाईल. एक दीस मुरू द्या. मग घट्ट सोडा. आनि मग हळू, लई हळू. एकदम रेटा नगं."

"मीही तेच मनात धरलं होतं," साहेब म्हणाले. "आणि मधल्या सांध्यात जॅक बसवायचे. सगळी रांग एकदम ढकलायची नाही. आधी पुढचे पाईप, मग मागचे. म्हणजे जोर निम्म्यावर येईल."

"ह्ये चांगलं हाय," गंगव्वा म्हणाली, जणू कुणी तिला पाककृती सांगितली होती. मग नवऱ्याकडं वळली. "तुमी जावा."

"मी न्हाई जात."

"हितं बसून काय करनार? माझ्या छातीला जॅक लावनार? सासूबाई हाईत, संगमेश हाय. डाक्टर बी म्हनलं, आता बरी हाय. जावा की. तुमच्याबिगार हलायचा न्हाई त्यो."

तो गेला. जाताना दारातून दोनदा मागं वळून बघितलं. दुसऱ्यांदा ती झुंबरबाईशी बोलत होती.

हातकणंगल्याला त्यानं स्वतः पिंपात काठी घातली. तिच्यासारखी जमली नाही, पण ताकासारखी झाली. एक दिवस पाईपाला पाजलं. पुढं घट्ट खळ सोडली. साहेबांनी मधल्या सांध्यात जॅक बसवून घेतले. मग शिवय्या पंपावर बसला आणि इतक्या सावकाश दांडा ओढू लागला की वर उभा असलेला मुकादम कंटाळून खाली बसला. काटा चढला, रेघेजवळ आला, थरथरला. शिवय्यानं हात थांबवला. थोडा सैल सोडला, पुन्हा ओढला. परत सैल, परत ओढ. दुपारी कधीतरी आतून ती जुनी कुरकुर ऐकू आली आणि काटा धपकन खाली बसला. पुढचे पाईप सरकले होते.

संध्याकाळी तो तसाच चिखलाच्या कपड्यांनी दवाखान्यात गेला. दारात शिपायानं अडवलं तर म्हणाला, "मंडळीला एक सांगायचंय, लगेच येतो."

"हालला?" गंगव्वानं त्याचं तोंड बघूनच विचारलं.

"हालला."

"काटा?"

"रेघंच्या आत."

तिनं डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "आता थांबवू नगा त्येला."

मग त्यांचं तसंच चालू झालं. दिवसा तो जॅकवर, संध्याकाळी तिच्याजवळ. नीलव्वा आणि संगमेश आळीपाळीनं दवाखान्यात. पाईप रोज थोडा थोडा पुढं जात होता. सगळे रूळ पार झाले, आता पलीकडच्या खड्ड्यापर्यंत भरावाची मातीच काय ती राहिली. शेवटच्या सकाळी तो भेटायला गेला तेव्हा गंगव्वानं वेणी घातली होती. डोईला तेल, कपाळावर विभूतीची बोटं.

"आज निघतोय बग," तो म्हणाला.

"मला घेऊन जावा की बगायला."

"बरी हो. मग पानी सुटल्यावर जाऊ, शांभवीला बी घेऊन."

नीलव्वा त्या दिवशी नातीच्या शाळेसाठी घरी होती. संगमेश बहिणीजवळ थांबला. पाईपाच्या तोंडाशी दुसरा गडी बसला.

भरावाची माती सैल निघाली. दुपारनंतर तोंडाशी ती सारखी ढासळू लागली, मुरुमाचे लोंढे पाईपात येऊ लागले. इकडं माती जास्त निघाली की तिकडं रुळांखाली पोकळी होणार. गडी घाबरून बाहेर आला, आत जायला तयार होईना. पाईप थांबला. काटा पुन्हा चढू लागला. थोड्या वेळानं पॅसेंजर यायची होती. साहेब वर मुकादमाशी बोलत होते. आणि त्याच वेळेला शिवय्याला खड्ड्याच्या काठावर संगमेश दिसला. मोटारसायकल रस्त्यात टाकून पळत आला होता.

"कशी हाय?" शिवय्यानं खालून ओरडून विचारलं.

संगमेशनं खड्ड्यात बघितलं. थांबलेला पाईप, चढलेला काटा, कडेला बसलेला गडी, सगळं त्याच्या ध्यानात आलं.

"बरी हाय," तो म्हणाला.

"मग ये लवकर, जा तोंडाशी. ह्यो घाबरलाय. हातभर ऱ्हायलंय बग."

संगमेशनं शर्ट काढला आणि तो पाईपात शिरला. आतून हातोडी वाजली. शिवय्यानं दांडा ओढला. संगमेशनं तोंडाशी फळ्या लावून माती अडवली, एका कडेनं थोडी थोडी सोडत गेला, आणि पाईप चालू लागला. पॅसेंजर डोक्यावरून सावकाश धडधडत गेली. रूळ जागचा हलला नाही. गाडी गेली आणि थोड्या वेळानं पलीकडच्या खड्ड्याच्या भिंतीत माती फुगली, फुटली, आणि पाईपाचं ओलं करडं तोंड उजेडात आलं. माणसांनी आरोळी ठोकली. मुकादमानं स्वतः पळत जाऊन स्टेशनाजवळून पेढे आणले. साहेबांनी शिवय्याचे दोन्ही हात धरले.

संगमेश पलीकडून बाहेर आला. सगळं तोंड चिखलानं माखलेलं. तो पेढा न घेता दाजींसमोर उभा राहिला.

"दाजी, चला. अक्कानं बोलवलंय."

शिवय्यानं दोन पेढे कागदात बांधून खिशात घातले. रस्ताभर मोटारसायकलवर मागं बसून तो बोलत होता. काटा कसा चढला, गाडी आली तेव्हा काळीज कसं उडालं, फळ्यांची युक्ती कशी नामी निघाली. संगमेश पुढं एक शब्द बोलत नव्हता. शिवय्याला वाटलं, वाऱ्यामुळं ऐकू जात नसेल.

वॉर्डात गेला तर झुंबरबाई आपली खाट सोडून गंगव्वाजवळ बसली होती. गंगव्वाचा हात तिच्या हातात होता. तो हात तिनं अलगद खाली ठेवला.

"पावनं," ती म्हणाली, "उशीर केलासा."

त्याला समजेना. तो गंगव्वाकडं बघत राहिला. वेणी सकाळचीच होती.

"दारात नजर लावून बसलीती," झुंबरबाई रडत सांगू लागली. "कोन आलं की, आलं का, आलं का म्हनून इचारायची. मी म्हनलं, येत्यात गं, येत्यात. आत्ता, हितल्या हितं गेली बगा. तुमी जिन्यात असाल."

शिवय्या खाटेच्या कडेला बसला. खिशातले पेढे काढून त्यानं उशाशी ठेवले. मग वाकून तिच्या कानाशी काहीतरी म्हणाला. झुंबरबाईला वाटलं, देवाचं नाव घेतोय. तो म्हणत होता, "निघाला गं. निघाला."

त्यांच्यात माणसाला पुरतात, बसवून. मुडशिंगीच्या रानात खड्डा घ्यायला कामावरची सगळी माणसं आली. त्यांना दुसऱ्या तऱ्हेनं खणता येत नव्हतं. कडा सरळ, तळ समपातळीत, एकही ढेकूळ सुटं नाही. उन्मेष साहेब बूट काढून बाजूला उभे होते. जंगमांनी तिच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, अंगावर विभूती, बेलाची पानं. माती लोटायची वेळ आली तेव्हा शिवय्या एकदम पुढं झाला आणि म्हणाला, "हळू. एकदम टाकू नगासा." लोक थांबले. मग मुठीमुठीनं माती टाकली गेली. त्याला फार वेळ लागला आणि कुणीही घाई केली नाही. शांभवी आजीच्या कुशीत तोंड खुपसून होती.

चार दिवसांनी त्यानं संगमेशला परसात बोलावलं.

"डाक्टरनी तुला कवा सांगितलं, मला बोलव म्हनून?"

संगमेश खाली बघत होता. "दुपारी. जेवायच्या वक्ताला."

"म्हंजे तू काठावर आलास तवा ती जित्ती हुती."

"व्हय."

"आनि तू म्हनलास, बरी हाय."

"दाजी, अक्काच म्हनली. पाईप निघू दे, मग त्यास्नी बोलाव म्हनली. मी आलतो तुमास्नी न्यायलाच. पर त्यो पाईप तसा बगितला, गाडी यायची हुती... म्हनलं, तासाभराचं काय..."

"झुंबरबाई म्हनली, ती माझी वाट बगत हुती."

"ते बी खरंच आसंल की दाजी," संगमेश रडायला लागला.

शिवय्यानं त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "माझ्या दारात यायचं न्हाई आता." आणि आत गेला.

त्यानंतर साहेब दोनदा येऊन गेले. एकदा त्यांच्या आग्रहाखातर शिवय्या उचगावजवळच्या एका कामावर गेलाही. पंपावर बसला. वरून एका बाईनं विचारलं, "पातळ करू काय?" तिनं चांगल्या मनानंच विचारलं होतं. शिवय्यानं दांड्यावरचा हात काढला, शिडी चढून वर आला, सायकल घेतली आणि घरी गेला. पुन्हा तो खड्ड्यात उतरला नाही. गावातच मोटारपंप दुरुस्तीचं काम करू लागला. रानात थोडा भाजीपाला. शांभवीची वेणी सुरुवातीला त्याला येत नव्हती, नीलव्वानं शिकवली.

संगमेश जॅकच्याच कामावर राहिला. दर पंचमीला तो भाचीसाठी बांगड्या घेऊन यायचा. गल्लीच्या तोंडाशी तो दिसला की शिवय्या मागच्या दारानं रानात निघून जायचा. बांगड्या परत कराव्यात असं त्याला कधी वाटलं नाही, पण त्या लेकीच्या हातात दिसल्या की त्या दिवशी तो कमी जेवायचा. पुढं नीलव्वा गेली, तेव्हाही दोघं मांडवात दोन टोकांना उभे होते.

वर्षं गेली. शांभवी बी.एड. झाली, इचलकरंजीचं चांगलं स्थळ आलं. दोन हजार आठचा उन्हाळा. पत्रिका छापायच्या वेळी तिनं बापाला विचारलं, "दादा, मामाचं नाव घालायचं न्हवं?"

शिवय्या पत्रिकेचा कागद उलटसुलट करू लागला.

"अक्षता पडताना माझ्या पाठीशी मामा लागतो," ती म्हणाली. "माझी आई तर न्हाईच. मामा तरी असू दे की."

आईचं नाव तिनं त्याच्यासमोर फार क्वचित काढलं होतं. तो उठून पाणी प्यायला. म्हणाला, "घाल."

संगमेश आला. पंचेचाळिशीतच म्हातारा दिसत होता. पाईपात वाकून बसून पाठीला बाक आला होता, धुळीनं छाती गेली होती. अक्षता पडल्या तेव्हा तो भाचीच्या मागं उभा राहिला आणि खोकला दाबत राहिला. पंगती उठल्यावर, वऱ्हाड निघायची तयारी चालू असताना, शिवय्या मांडवाच्या मागं गेला. तिथं खुर्च्यांच्या थप्पीजवळ संगमेश एकटा बसला होता. शिवय्यानं एक खुर्ची ओढली. अकरा-बारा वर्षांनी दोघं शेजारी बसले.

"एक इचारतो," शिवय्या म्हणाला. "भांडायला न्हाई. ती खरंच तसं म्हनली हुती? पाईप निघू दे म्हनून?"

संगमेशनं खांद्यावरच्या टॉवेलानं तोंड पुसलं.

"दाजी, तिला बोलवत नव्हतं," तो हळूच म्हणाला. "धाप हुती. 'पाईप' म्हनली. मग दम घेतला. मग म्हनली, 'त्यास्नी बोलाव.' मधी काय म्हनली ते ऐकू आलं न्हाई. मी वाकलो, पर न्हाईच आलं. गाडी चालवताना माझं मीच जोडलं, पाईप निघू दे म्हनली असंल. तिचा सोभाव तसा की. पर तिनं 'पाईप ऱ्हाऊ दे' म्हनलं असंल तर?" त्यानं पालथ्या हातानं डोळे पुसले. "इतक्यांदा घोळवलंय मनात की आता मलाच कळंना. तुमी मारा मला, दाजी. पर मला खरंच कळंना."

मांडवात कुणीतरी शिवय्याला हाक मारत होतं. लेक निघाली होती. तो उठला. उठताना त्यानं संगमेशच्या बाकदार पाठीवर हात ठेवला, आणि तो हात काढायला त्याला जरा वेळ लागला.

"चल," तो म्हणाला. "पोरीला वाटं लावू."

दोघांनी मिळून शांभवीला गाडीत बसवलं. ती आधी बापाच्या आणि मग मामाच्या गळ्यात पडून रडली. दिवस कलता कलता संगमेशही निपाणीच्या एस.टी.नं गेला. थांब्यापर्यंत शिवय्या सोबत गेला. वाटेत दोघं उसाच्या दराविषयी, खोकल्याच्या औषधाविषयी बोलले. गाडी सुटताना संगमेश खिडकीतून म्हणाला, "पंचमीला येतो." शिवय्यानं मान हलवली.

घरी आला तर अंगणात अक्षतांचे तांदूळ सांडलेले होते आणि चिमण्या ते टिपत होत्या. तो उंबऱ्यावर बसला. मग कुणी नाही असं बघून त्यानं ते वाक्य तोंडानं म्हणून बघितलं. पाईप निघू दे, मग त्यास्नी बोलाव. पाईप ऱ्हाऊ दे, त्यास्नी बोलाव. कोणतं तिच्या तोंडी शोभतंय ते कानानं ओळखायचं होतं. कान त्याचे अजून चांगले होते. त्यानं पुन्हा म्हटलं, एकदा असं, एकदा तसं. तिची बोटं आठवत होती, निळसर ओठ आठवत होते, पिंपाच्या कडेवर लोंबकळणारा हात आठवत होता. तिचा आवाज मात्र काही केल्या आठवेना.